कपाच्या वरचा आंबा

कपात आंबा नव्हता, हे चिठ्ठी उलटल्यावर कळलं. पण तोवर नोराल्बा बोलून चुकली होती आणि एव्हेलिओ मास्तरांनीही मान डोलावली होती. सकाळची वेळ. मानिसालेस या डोंगरातल्या गावाच्या उतारावरच्या त्या कॉफी कंपनीत, चव घ्यायच्या खोलीत, गोल टेबलाभोवती तिघंच उभे होते: विल्मार, नोराल्बा आणि मास्तर. बोलायचा क्रम ठरलेला. आधी सगळ्यात नवा, शेवटी सगळ्यात जुना, म्हणजे मोठ्याच्या शब्दाखाली लहानाची जीभ दबायला नको. विल्मार म्हणाला, यात काही नाही, सपाट आहे, जुन्या पोत्याचा वास आहे. नोराल्बा म्हणाली, आंबा, चांगला पिकलेला. मास्तरांनी डोळे मिटले, चमचा पुन्हा बुडवला, भुरका मारला, घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकले आणि म्हणाले, "आंबा आहे खरा. पण कपात नाही, कपाच्या वर कुठंतरी आहे." मग विल्मारनं कपाखालची चिठ्ठी उलटली. स्वयंपाकघरातल्या डब्यातली कॉफी होती ती. निर्यातीतून गाळलेलं किडकं-फुटकं बी, जे गुळाच्या पाण्यात उकळून सगळा देश दिवसभर पितो. त्यात आंबा असता तर आधी मुंग्यांना सापडला असता. अधूनमधून असा एक कप इतर कपांत गुपचूप सरकवून द्यायचा, ही मास्तरांनीच पाडलेली प्रथा. जिभेला माज चढू नये म्हणून. या वेळी पाळी विल्मारची होती. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, सगळेच हसले असते आणि गोष्ट तिथंच मिटली असती.

मास्तरांनी आपला चमचा कोमट पाण्यात बुडवून काढला, रुमालानं पुसला, आणि रोजच्यासारखा खणात न ठेवता त्याच रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. तो चमचा त्यांना त्यांच्या गुरूनं दिलेला होता आणि त्याच्या कडा भुरक्यांनी झिजल्या होत्या. "माझं चुकलं," असं ते म्हणाले, आणि ते त्यांनी चिठ्ठीकडे बघून म्हटलं, माणसांकडे बघून नाही. नोराल्बालाही काहीतरी म्हणायचं होतं. पण तिचा हात एप्रनच्या खिशात गेला होता आणि तिथं ती नळी होती, अजून कोमट, अंगठ्याएवढी, पिवळ्या रंगाची, तिच्यावर आंब्याचं चित्र. कॉफीवर गरम पाणी ओतलं की वर चोथ्याची साय धरेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात ती हात धुवायला म्हणून गेली होती आणि संडासाच्या झरोक्याशी उभी राहून तिनं व्हेप ओढला होता. रोजच जायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार आला तो स्वतःचाच. माझ्या जिभेवरचा आंबा मी कपात पाहिला. आता माझी जीभ गेली. मास्तरांच्या आंब्याचा विचार तिच्या मनात आलाच नाही. म्हातारा माणूस, आपल्यावर विश्वास ठेवून हो ला हो म्हणाला असेल, एवढंच तिला वाटलं, आणि त्याची तिला दया आली. पुढं कितीतरी रात्री तिला स्वतःच्या चुकीपेक्षा त्या दयेचीच जास्त लाज वाटली.

आंबा तिला मास्तरांनीच शिकवला होता. ती तेव्हा खालच्या मजल्यावर बी निवडायच्या पट्ट्याशी बसायची, डोक्याला फडकं बांधलेल्या बायकांच्या रांगेत, आणि दिवसभर काळं बी वेचून काढायची. एकदा मास्तर रांगेमागून जात असताना ती शेजारणीला म्हणाली, या पोत्याला ओल्या कुत्र्याचा वास येतोय. शेजारीण म्हणाली, तुझ्याच अंगाला येत असेल. मास्तर थांबले. त्यांनी पोत्यात तोंड घातलं, बराच वेळ घातलेलंच ठेवलं, बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या भुवयांवर भुसा होता. पोतं परत गेलं आणि नोराल्बा वरच्या मजल्यावर आली. पहिल्या रविवारी ते तिला चिप्रेच्या टेकडीवर घेऊन गेले, जिथं सगळं गाव संध्याकाळी हवा खायला येतं. गाडीवरून त्यांनी कच्च्या आंब्याच्या फोडी घेतल्या, मीठ-लिंबू लावलेल्या, आणि दुसऱ्या गाडीवरून पिकलेला आंबा. डोळे मिटायला लावून एकेक तिच्या नाकापाशी धरला. "खाऊ नको," म्हणाले, "लक्षात ठेव. खाल्लेलं पोटात जातं, हुंगलेलं राहतं." ती हुंगत राहिली. मीठ लावलेला आंबा, साल सोललेला आंबा, देठापाशी चीक सुकलेला आंबा, असे वेगवेगळे आंबे असतात हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी तो तिला खाऊ दिला आणि ती खाताना ते इतके खूश झाले की आजूबाजूची माणसं बघायला लागली. पुढं कधीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी टांगलेल्या त्या रंगीत नळ्यांतून तिनं आंब्याचीच का उचलली, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नाही.

सुरुवात झाली ती चुलत बहिणीच्या लग्नात, नाचून दमल्यावर, अंगणात. कुणीतरी नळी पुढं केली, ओढ असंही म्हटलं नाही, नुसती पुढं केली. सिगारेट तिनं जन्मात ओढली नव्हती. तिचे वडील बिनफिल्टरच्या ओढायचे आणि खोकत-खोकत गेले, आणि चवीच्या माणसाला तर धूर म्हणजे विषच. पण हा धूर कुठं होता, ही तर वाफ. राख नाही, वास नाही, बोटं पिवळी होत नाहीत. आंब्याची गोड थंडगार वाफ घशातून उतरते आणि डोक्यातलं कुठलंतरी दार हलकेच लोटलं जातं. त्या सुमारास तिचा नवरा स्पेनला जाऊन फोन करेनासा झाला होता आणि तिच्या डोक्यात बरीच दारं रात्रभर आपटत असायची. महिना-दीड महिना तिला वाटत होतं की आपण फक्त दमल्यावर ओढतो. मग लक्षात आलं की आपण ओढण्यासाठी दमतो. मग सोडणं सुरू झालं. तिनं किती वेळा सोडला याचा हिशेब नव्हता. एकदा तिनं तो चिंचिना नदीच्या पुलावरून खाली भिरकावला, बसमधून घरी येताना स्वतःचं कौतुक केलं आणि घराच्या आधीच्या थांब्यावर उतरून नवा घेतला. एकदा उपासाच्या पर्वात देवापुढं शपथ घेतली की ईस्टरपर्यंत शिवणार नाही, आणि खरोखरच शिवली नाही. लोकांनी मांस सोडलं, तिनं वाफ सोडली, आणि तिला वाटलं की आपण सुटलो. पण शपथेला मुदत होती आणि मुदत तिनं स्वतःच घातली होती. ईस्टरच्या सकाळी आई चर्चमधून येऊन कोंबडी चिरत होती तेव्हा नोराल्बा गच्चीवर उभी होती, ये रे माझ्या मागल्या. दर वेळी परत गेल्यावर पहिला झुरका सगळ्यात गोड लागायचा आणि दुसऱ्याला पश्चात्तापाची चव यायची. आणि ती चव घालवायला तिसरा लागायचा.

या सगळ्यात तिला सगळ्यात जास्त टोचायची ती आई. रुबिएला, तिची आई, हिनं पोरीची जीभ देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखी जपली होती. पोरगी वरच्या मजल्यावर गेली त्या दिवसापासून घरात सकाळी कांदा चिरला गेला नाही. अंड्यावर कांदा-टोमॅटो परतून घालायचा हे त्या घराचं पिढ्यानपिढ्यांचं सुख. रुबिएलानं ते दुपारवर ढकललं. कपडे बिनवासाच्या निळ्या साबणानं. केसांना तिचं लाडकं जास्वंदीचं तेल बंद, मानेला लावायची व्हायोलेटची पावडर बंद, आणि शेजारीण नटूनथटून आली की तिला दारातच उभी करून बोलायचं. शेजारणी हसायच्या, मुलगी काय पोलिसांचं कुत्रं आहे का म्हणायच्या. आई म्हणायची, माझ्या मुलीच्या नाकावर डोंगरातली माणसं जेवतात. आणि अलीकडे, नोराल्बा संध्याकाळी घरी आली की आई तिच्या खांद्यापाशी नाक नेऊन म्हणायची, "तुझ्या अंगाला हल्ली किती छान वास येतो गं कामाचा. फळासारखा." नोराल्बा हो म्हणायची. महाग कॉफी अशीच असते म्हणायची. वास नसतो, असं तिनं स्वतःला पटवलं होतं; आणि घरात रोज कुणीतरी तिला सांगत होतं की असतो.

त्याच दुपारी मॅनेजरबाईंनी तिला वर बोलावलं. वाईट बाई नव्हती. बसायला सांगितलं, दार लावलं, आणि म्हणाली की विल्मारकडून सगळं कळलं, तक्रार म्हणून नाही, असंच. तुला सर्दी झालीय का? नोराल्बा म्हणाली, हो, जरा आहे. मग बाई खिडकीकडे बघत म्हणाली, तुझं ठीक आहे, सर्दी जाईल. पण मास्तर शेवटी बोलतात ना? म्हणजे तू आंबा म्हणालीस म्हणून ते आंबा म्हणाले. हे कधीपासून चाललंय? कधीपासून ते तुझ्या जिभेवर चालवतायत? आणि तेव्हा, त्या खुर्चीत, नोराल्बाच्या कानात मास्तरांचं वाक्य पुन्हा ऐकू आलं: कपात नाही, कपाच्या वर कुठंतरी आहे. त्यांची नजर हल्ली कमी झाली होती म्हणून ती टेबलाशी त्यांच्या अगदी डाव्या हाताला उभी राहायची, चमचा धुवायचा पेला त्यांच्यापुढं सरकवायला. कपावर ते वाकले तेव्हा तिचा चेहरा त्यांच्या कानाशी होता. ती श्वास घेत होती, सोडत होती. आंबा होता. तो तिच्या तोंडातून येत होता; एरवी चांगल्या कॉफीच्या वासात लपून जायचा, या सपाट कपावर उघडा पडला होता. आणि त्या माणसानं तो बरोबर ओळखला होता, कुठं आहे तेही बरोबर सांगितलं होतं, फक्त तो कुणाचा हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या टेबलाशी असं कुणी करेल हे त्यांच्या मनातच येणार नव्हतं. बाई वाट बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. नोराल्बानं खांदे उडवले. खांदे उडवल्यानं कुणी खोटं बोललं असं होत नाही, हे तिला त्या क्षणी फार मोठ्या आधारासारखं वाटलं. बाईंनी उसासा टाकला आणि वय कुणाला चुकलंय, असं काहीसं म्हटलं.

मास्तरांना कुणी जा म्हटलं नाही. ते आपणहूनच यायचे थांबले. टेबलाशी आता दोघंच उभे राहायचे. शेवटी बोलायची पाळी नोराल्बाची आली होती, आणि शेवटी बोलताना किती शांतता असते हे तिला माहीत नव्हतं. विल्मार एकदा म्हणाला, तो कप मी ठेवायला नको होता. तिनं त्याला समजावलं की तुझा काय दोष, प्रथाच ती. समजावताना तिचा आवाज फार मायाळू झाला आणि तिला स्वतःचीच किळस आली. कपाच्या त्या दिवसापासून तिनं व्हेपला हात लावला नव्हता. आंब्याची ती पिवळी नळी तिनं पाण्याच्या बादलीत बुडवली आणि तिच्यावर वीट ठेवली. झोप उडाली, जबडा दुखायला लागला, आईवर ती दोनदा उगाच खेकसली. आणि मग एका संध्याकाळी आईनंच बातमी आणली. चर्चबाहेर तिला मास्तरांची बायको, ओफेलियाबाई, भेटली होती. म्हणाली, हे आता सकाळी कांदा खातात. भरपूर. दाढीनंतर कोलोन लावतात, शेजारच्या न्हाव्याकडून मागून आणलंय, घर नुसतं घमघमतंय. "हसतात म्हणे," आई म्हणाली, "म्हणतात, आता मी मोकळा. पण ती सांगताना रडत होती, काय समजायचं?" उभ्या आयुष्यात त्या माणसानं सकाळी कांदा खाल्ला नव्हता. आता खात होता. म्हणजे आपलं नाक मेलं असं धरून त्यानं स्वतःच्या हातानं त्याची क्रिया उरकली होती.

रविवारी ती मास्तरांच्या घरी निघाली. सगळं सांगायचं हे ठरलं होतं, शब्दसुद्धा ठरले होते. चिप्रेचा चढ चढताना ते शब्द एकेक करून गळायला लागले. कोपऱ्यावर दुकान होतं. ती तिथं पाण्याची बाटली घ्यायला थांबली, असं तिनं स्वतःला सांगितलं. आंब्याच्या नळीकडे तिनं बघितलंही नाही, आणि यात तिला इतका मोठा निग्रह वाटला की त्याच्या भरात तिनं शेजारची उचलली, टरबुजाची. आंबा सोडला म्हणजे निम्मं तर सोडलंच. खरं बोलायला जायचंय, छातीत धडधडतंय, एवढ्यापुरतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसलाच हा प्रकार. भिंतीआड उभी राहून तिनं ओढला. समोर सगळं खोरं पसरलेलं, ढग खालून वर येत होते. गोड, गार, थोडा पुदिना. दुसऱ्या झुरक्याला ती नेहमीची चव आली. मग तिनं पर्समधून कॉफीचं भाजलेलं बी काढून चावलं, चोथा थुंकला आणि मास्तरांची कडी वाजवली.

त्यांनी स्वतःच दार उघडलं. कोलोनचा लोट आला, मागून परतलेल्या कांद्याचा. त्यांनी तिला आत घेतलं, बस म्हणाले, मक्याची भाकरी, अरेपा, खाणार का विचारलं, वर कांदा आहे म्हणाले. मग ते पुन्हा मांडीवर ताट घेऊन बसले. कांदा किती गोड लागतो आणि आपण केवढे मूर्ख होतो, हे त्यांनी तिला हसत-हसत सांगितलं. पण ताट जवळजवळ भरलेलंच होतं आणि अंडं गार झालं होतं. ओफेलियाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पुसत, आत न जाता.

"मास्तर," नोराल्बा म्हणाली, "त्या दिवशी आंबा होता."

"कुठं?"

"माझ्या तोंडात. मी व्हेप ओढते. वर्षं झाली. त्या दिवशीही ओढून आले होते आणि तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही म्हणालात ना, कपाच्या वर आहे. तो तिथंच होता. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला मॅनेजरबाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती थांबली होती. राग आला असता तर तिला तो घ्यायचा होता. पण ते नुसते बघत होते, ऐकलेलं कुठं ठेवावं ते कळत नसल्यासारखे. ती शांतता तिला सोसवेना. कुणी विचारलं नव्हतं, गरज नव्हती, तरी ती म्हणाली, "आता सोडलंय. त्या दिवसापासून शिवलेही नाही."

मास्तरांनी ताट स्टुलावर ठेवलं. खुर्चीचा हात धरून उठले आणि तिच्यापाशी आले. तिच्या खांद्यावर ते असे वाकले जसे जन्मभर कपावर वाकत आले होते: एक हात पाठीशी, नाक खाली, डोळे मिटलेले. त्यांनी एक छोटा श्वास घेतला, थांबले, मग एक लांब घेतला. कोलोन, कांदा, गार अंडं, ओली भिंत, सगळं त्यांनी बाजूला सारलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू निवळला.

"टरबूज," ते म्हणाले. "वर पुदिना. आणि झाकायला बी चावलंयस. जास्त भाजलेलं."

नोराल्बानं मान खाली घातली. पण खाली घालण्याआधी तिनं त्यांचा चेहरा बघितला होता, आणि तो ती विसरू शकणार नव्हती. तो त्या रविवारचा चेहरा होता, गाडीवरच्या आंब्याच्या दिवसाचा. तिच्या खोटेपणावर कुणी इतकं खूश झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं, नुसतं खात्रीसाठी, आणि डोळे पुसले. मग मागं न बघता हाक मारली, "ओफेलिया, हे ताट उचल. मला साधं अंडं दे, कांदा नको." ओफेलियाबाईंनी ताट उचललं आणि आत नेलं.

"उद्या टेबलाशी हे तू सांगायचं," मास्तर म्हणाले. "मॅनेजरबाईंना बोलावून, विल्मारसमोर. तू सांगितल्यावर मी येईन, आधी नाही."

"सांगेन," ती म्हणाली. तिच्या कानाला तो शब्द अगदी मघाच्या 'सोडलंय'सारखाच लागला, त्याच घशातून, त्याच सुरात आलेला. आणि मास्तरांच्या कानालाही तसाच लागला असेल, कारण त्यांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि नजर काढून घेतली. खिशातली नळी तिच्या मांडीला लागत होती. ती काढून टेबलावर ठेवावी असं तिला वाटलं. तेवढं केलं असतं तर त्या शब्दाला वजन आलं असतं. तिचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

मास्तरांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, त्यातला चमचा हळूच बाजूला ठेवला आणि रुमाल नाकाला लावला. आवाजात राग नव्हता. कामाच्या वेळी ते ज्या आवाजात दिवा जवळ घे म्हणायचे, तोच होता.

"आता जरा खिडकीपाशी बस, पोरी, टरबूज उडू दे," ते म्हणाले.

नोराल्बा उठली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.